सहा हजार मीटरचे शिखर आणि नऊ दिवसांची रजा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास आपल्या ठाणे-नवी मुंबई पुरवणीत एक बातमी हमखास वाचायला मिळते. आपल्याच भागातील काही तरुण-तरुणींनी लडाखमधील सहा हजार मीटरपेक्षा उंच शिखर सर केलेले असते, सोबत तिरंगा धरलेले छायाचित्र असते, कोण कुठे नोकरीला आहे आणि घरच्यांनी कसा पाठिंबा दिला याचा तपशील असतो. या बातम्या छापू नयेत असे मी म्हणणार नाही; आपल्या गावची मुले हिमालयात जातात याचा आनंद मलाही होतो. परंतु त्यांत दोन गोष्टी मला आजवर आढळलेल्या नाहीत. ही मंडळी घरून निघाल्यापासून कितव्या दिवशी शिखरावर पोहोचली, आणि त्याआधीच्या प्रत्येक रात्री ती किती उंचीवर झोपली? मोहीम नीट आखलेली होती की नशिबाने पार पडली, हे ओळखण्यासाठी शिखरावरच्या छायाचित्रापेक्षा हे आकडे कितीतरी अधिक उपयोगी असतात.

मी नौपाड्यात राहतो आणि ठाण्यातील एका गिर्यारोहण संस्थेचे काम बरीच वर्षे करत आलो आहे. शनिवारी रात्री ठाणे स्थानकावर कसाऱ्याच्या शेवटच्या गाडीसाठी पाठपिशव्या घेऊन थांबलेले घोळके आपल्या वाचकांच्या ओळखीचे आहेत. पूर्वी या घोळक्यातून हिमालयाकडे जाणाऱ्यांचा एक क्रम ठरलेला असे. आधी माहुली-गोरखगडासारखे किल्ले, मग मुंब्र्याच्या किंवा बेलापूरच्या कातळांवर दोराचे काम, त्यानंतर हिमालयातील एखादा साधा ट्रेक, पुढे उत्तरकाशी, मनाली किंवा दार्जिलिंगच्या संस्थेतील गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स, आणि एवढे झाल्यावर कुठे एखाद्या मोहिमेच्या यादीत नाव लागे. आता कळसूबाईनंतर थेट सहा हजारी शिखर असे होऊ लागले आहे. याचा दोष तरुणांच्या हौसेला द्यावा असे मला वाटत नाही. खरी अडचण रजेची आहे. ऐरोली, घणसोली, महापे या पट्ट्यातील कंपन्यांत सलग पाच दिवसांची रजा मंजूर करून घेणे हेच मुळी एक दिव्य असते. मागचा-पुढचा शनिवार-रविवार धरला की नऊ दिवस होतात. आयोजकांनाही हे पक्के ठाऊक असल्यामुळे शिखर कोणतेही असो, कार्यक्रम नऊ दिवसांतच बसवलेला असतो.

मध्यंतरी संस्थेत चौकशीसाठी आलेल्या एका मुलीने मला असे एक पत्रक दाखवले. आयोजकाचे नाव मी येथे देत नाही, कारण असे करणारा तो एकटा नाही. पहिल्या दिवशी, शनिवारी, विमानाने लेह, उंची ३,५०० मीटर, आणि विश्रांती. दुसऱ्या दिवशी लेहमधील गोंपा म्हणजे बौद्ध मठ पाहणे आणि बाजारातून बूट, क्रॅम्पॉन (बर्फावर चालण्यासाठी बुटांना बांधायचे खिळे), आइस ॲक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) भाड्याने घेणे. तिसऱ्या दिवशी सिंधूच्या काठाने उपशी, चुमाथांग, माहे असा मोटारीने प्रवास करून त्सो मोरिरी सरोवराकाठचे करझोक गाव, उंची सुमारे ४,५५० मीटर. चौथ्या दिवशी गावाभोवती हलका सराव. पाचव्या दिवशी पाच हजार मीटरच्या वर बेस कॅम्प, त्याच रात्री शिखरासाठी प्रस्थान, आणि सहाव्या दिवशी सकाळी सव्वासहा हजार मीटरच्या आसपासचे शिखर. उरलेले तीन दिवस परतीचे. राखीव दिवस एकही नाही. पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापले होते की हवामानामुळे शिखर न झाल्यास शुल्क परत मिळणार नाही. वर मात्र ठळक अक्षरांत होते, ‘पूर्वानुभवाची आवश्यकता नाही’.

हे वेळापत्रक शरीराच्या हिशेबाने तपासून पाहावे. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा असतो. हवेतील प्राणवायूचा वाटा तेथेही शेकडा २१ च्या जवळच असतो, पण हवाच विरळ असल्याने प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायू निम्म्यावर येतो. महाराष्ट्रातील सर्वांत उंच ठिकाण असलेले कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे लेह शहराच्या निम्म्याही उंचीचे नाही. त्यामुळे सह्याद्रीत कितीही पायपीट केलेली असली तरी विरळ हवेत आपले शरीर कसे वागेल, याची चाचणी आपल्या राज्यात होऊच शकत नाही. जगभर पाळला जाणारा साधा नियम असा आहे की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस आहे त्याच उंचीवर काढावा. दिवसा त्याहून उंच जाऊन परत आलेले चालते, किंबहुना ते हितकारकच असते; प्रश्न रात्रीच्या मुक्कामाचा असतो. पत्रकात मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्रीत एक हजार मीटरहून अधिक अंतर आहे, आणि तेही मोटारीत बसून. चालत गेले असते तर दमछाक होऊन माणूस आपोआप थांबला तरी असता.

येथे मला सीमेवरील जवानांचे उदाहरण द्यायचे आहे. भारतीय सैन्यात उंचीवर नेमणूक झालेल्या, निवडून घेतलेल्या आणि कमावलेल्या शरीराच्या जवानासाठीही टप्पे ठरवून दिलेले आहेत. नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस, बारा ते पंधरा हजार फुटांवर चार दिवस आणि त्याच्या वर आणखी चार दिवस, असे चौदा दिवस झाल्याखेरीज त्याला वरच्या चौकीवर पूर्ण कामाला लावत नाहीत. यातील सुरुवातीचे दिवस तर निव्वळ विश्रांतीचे असतात. करझोक हे गाव जवळपास पंधरा हजार फुटांवर आहे. ज्या उंचीच्या वर जवानाला दहा दिवसांनंतरच नेतात, तेथवर आपला महाप्याचा संगणक अभियंता तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहोचतो आणि सहाव्या दिवशी शिखरावर असतो.

सैन्याचे हे टप्पे कोणा अधिकाऱ्याच्या लहरीतून आलेले नाहीत. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात मैदानी प्रदेशातून घाईने हजारो फूट उंचीवर नेलेले जवान गोळी न लागता आजारी पडू लागले, काही दगावले. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांच्या नोंदींवर आधारित अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला आणि उंचीच्या आजाराविषयीच्या जगभरच्या लिखाणात त्याचा आधार घेतला जातो. म्हणजे विरळ हवेविषयीचे जे ज्ञान आज जगाला उपयोगी पडते, त्यातील मोठा वाटा आपल्याच सीमेवर, आपल्याच जवानांनी सोसलेल्या त्रासातून आलेला आहे. ते ज्ञान लेहला विमानाने उतरणाऱ्या आपल्या मुलांपर्यंत मात्र पोहोचत नाही.

उंचीच्या आजारावर पहिला आणि खरा उपाय एकच, तो म्हणजे खाली उतरणे. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हे फार सोपे वाटते, कारण आपल्याकडे कोणत्याही गडावरून दोन-तीन तासांत पायथ्याचे गाव गाठता येते. त्सो मोरिरी ज्यात येते ते चांगथांगचे पठार तसे नाही. त्सो मोरिरीचे पाणी बाहेर वाहून जात नाही, चारी बाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या खोलगट भागात ते साठते. त्यामुळे शिखरावरून, बेस कॅम्पवरून कितीही उतरलात तरी पायी तुम्ही साडेचार हजार मीटरच्या खाली जाऊच शकत नाही. त्याहून खाली यायचे तर मोटार हवी, आणि तिलासुद्धा आधी एक खिंड चढून ओलांडावी लागते, तेव्हा कुठे सिंधूच्या खोऱ्यात उतार लागतो. फुप्फुसात पाणी साठू लागलेल्या रुग्णाला खाली नेण्यासाठी आधी आणखी वर न्यावे लागते, ही त्या प्रदेशाची रचनाच आहे. मोठे रुग्णालय लेहला, सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. म्हणूनच गिर्यारोहकांना पोहोचवून आलेली मोटार करझोकला मुक्कामी ठेवली जाते की भाडे वाचवण्यासाठी लेहला परत पाठवली जाते, हा आयोजकाला विचारण्यासारखा पहिला प्रश्न आहे. शिखराची उंची, प्रमाणपत्र आणि टी-शर्टचे माप यांची चौकशी नंतर केली तरी चालते. (लेहच्या बाजारात मिळणारे प्राणवायूचे हलके कॅन सोबत घेऊन निर्धास्त होणाऱ्यांना सांगितले पाहिजे की, तो प्राणवायू काही मिनिटे पुरतो, रात्रभर नव्हे.)

आजार ओळखण्याच्या बाबतीतही आपल्याकडे फार ढिलाई आहे. बेस कॅम्पवर डोके दुखणे, मळमळणे, झोप न लागणे याला सगळेच ‘होतं असं’ म्हणून हसण्यावारी नेतात, आणि बहुतेक वेळा ते तेवढ्यावर थांबतेही. परंतु बसल्या जागी धाप लागणे, कोरडा खोकला वाढत जाऊन फेसाळ कफ येणे, ओठ-नखे निळसर दिसणे, ही फुप्फुसात पाणी होत असल्याची चिन्हे आहेत. नव्या उंचीवर पोहोचल्यानंतरच्या दुसऱ्या ते चौथ्या रात्रीच्या सुमारास ती बहुधा दिसू लागतात. पत्रकातील सहावा दिवस नेमका या काळात येतो. मेंदूला सूज येऊ लागली तर माणूस गप्प गप्प होतो, चिडतो, हातमोजे घालायला दुसऱ्याची मदत मागतो. अशा वेळी जमिनीवर आइस ॲक्सने एक रेघ ओढून तिच्यावरून टाचेला अंगठा भिडवत दहा-बारा पावले चालायला सांगतात. ज्याचा तोल जातो त्याने वर जायचे नाही, आणि त्याला एकट्याने खालीही पाठवायचे नाही. ही तपासणी करायला डॉक्टर लागत नाही, यंत्र लागत नाही. लागतो तो एक नेता, जो रात्री अकरा वाजता, उणे दहा-पंधरा अंशांत, शिखरासाठी कमरेला दोर बांधून उभ्या राहिलेल्या आणि पूर्ण शुल्क भरलेल्या माणसाला ‘तू थांब’ म्हणू शकेल. नऊ दिवसांच्या कार्यक्रमात हे म्हणणे फार अवघड होऊन बसते, कारण थांबलेल्या माणसासाठी दुसरा दिवस शिल्लकच नसतो. राखीव दिवस असेल तर नेत्याला ‘उद्या पाहू’ असे म्हणता येते.

सीमाभागामुळे यात ज्या अडचणींची भर पडते त्यांची कल्पना आपल्याकडे अनेकांना नसते. महाराष्ट्रातील प्रीपेड सिमकार्ड लडाखमध्ये चालत नाही, आणि पोस्टपेड असले तरी लेह सोडल्यावर बऱ्याच ठिकाणी संपर्क मिळत नाही. परदेशातील गिर्यारोहक सर्रास वापरतात तो सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र केंद्र सरकारच्या परवानगीवाचून जवळ बाळगणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. सुरक्षेच्या दृष्टीने त्यामागे कारणे असतील, त्यांविषयी मी येथे बोलत नाही. पण परिणाम असा होतो की पाच हजार मीटरवरील तंबूतून मदत मागायची तर कोणाला तरी उतरून चौकीपर्यंत चालत जावे लागते. तेथून निरोप गेला, प्रशासनाने विनंती केली आणि हवामान ठीक असले तर हवाई दलाचे हेलिकॉप्टर येते. लेहला असलेल्या हवाई दलाच्या तुकडीला ‘सियाचीन पायोनियर्स’ म्हणतात आणि तिची ‘चीता’ हेलिकॉप्टरे पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आली आहेत. ज्या फ्रेंच ‘लामा’ हेलिकॉप्टरवरून आपले ‘चीता’ बनले, त्याने १९७२ मध्ये १२,४४२ मीटर उंचीचा विक्रम केला होता, पण तो वजन शक्य तितके कमी करून. प्रत्यक्षात विरळ हवेत पंख्यांना उचल कमी मिळते, एका फेरीत एखाद-दुसराच माणूस नेता येतो, आणि दुपारनंतर वारे सुटले की उड्डाण बंद. रात्री आजारी पडलेल्याला किमान सकाळपर्यंत तग धरावा लागतो. नेहमीच्या प्रवास विम्यात गिर्यारोहण बहुधा वगळलेले असते, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

परवान्यांच्या कटकटीबद्दल आमच्या क्षेत्रातील मंडळी नेहमी कुरकुरतात, मीही त्यांच्यात असतो. तरी त्या प्रदेशात परवान्याला एवढे महत्त्व का, हे समजून घेतले पाहिजे. सियाचीन हिमनदीचा वाद मुळात गिर्यारोहणाच्या परवान्यांतून उघडकीस आला. १९७० च्या दशकात पाकिस्तान परदेशी मोहिमांना आपल्या बाजूने त्या भागातील शिखरांची परवानगी देऊ लागला होता; कर्नल नरेंद्र कुमार यांनी १९७८ मध्ये सैन्याची मोहीम तेथे नेली, १९८१ मध्ये ते पुन्हा गेले, आणि १३ एप्रिल १९८४ रोजी ‘ऑपरेशन मेघदूत’, म्हणजे ती हिमनदी ताब्यात घेण्याची आपल्या सैन्याची कारवाई, सुरू झाले. या भागात कोणी कोणत्या शिखरावर कोणाच्या परवानगीने गेले, याला पुढे जाऊन नकाशावर अर्थ येतो. अलीकडे नियम बरेच सैल झाले आहेत. केंद्राने २०१९ मध्ये १३७ शिखरे परदेशी गिर्यारोहकांसाठी खुली केली, लडाख प्रशासनाने २०२१ मध्ये भारतीयांसाठी इनर लाइन परवान्याची, म्हणजे सीमेलगतच्या भागात जाण्यासाठी लागणाऱ्या परवान्याची, अट काढली. परंतु रस्त्याने सरोवरापर्यंत जाता येणे वेगळे आणि शिखर चढण्यासाठी भारतीय गिर्यारोहण महासंघाची म्हणजे आयएमएफची परवानगी असणे वेगळे. कोणी विचारले तर पर्यटक आहोत असे सांगा, अशी सूचना देऊन माणसे नेणारे आयोजकही आहेत, आणि हे ऐकीव नाही.

परवानगी ही केवळ कागदोपत्री बाब नसते, हे २०१९ मध्ये नंदादेवी परिसरातील दुर्घटनेत दिसले. कुमाऊँतील त्या मोहिमेची परवानगी नंदादेवी पूर्व शिखरासाठी होती. त्यातील आठ गिर्यारोहक गेले ते जवळच्या ६,४७७ मीटर उंचीच्या एका अनाम शिखरावर, आणि तेथे हिमप्रपातात सापडले. सात मृतदेह भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या पथकाने कित्येक दिवसांच्या कष्टाने खाली आणले. मोहिमेचे नेतृत्व अत्यंत अनुभवी होते आणि दोष कोणाचा हे ठरवण्याचा अधिकार मला नाही. पण तुमचा कागद एका डोंगराचा आणि तुम्ही दुसऱ्या डोंगरावर असाल, तर शोधणाऱ्याने कोठे शोधायचे?

शोधायला जाणारे हे जवान सीमेवर रिकामे बसलेले नसतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनवरील सोनम चौकीवर सुमारे १९,६०० फुटांवर हिमकडा कोसळून दहा जवान गाडले गेले. त्यांत आपल्या सातारा जिल्ह्यातील एक जवान होता. लान्स नायक हणमंतप्पा सहा दिवसांनी बर्फाखालून जिवंत सापडले तेव्हा अवघ्या देशाने श्वास रोखून धरला होता, पण तेही वाचू शकले नाहीत. त्या उंचीवर पहारा देणे हीच मोठी जोखीम आहे. तीत भर घालून आपल्यासाठी दोर बांधून उतरावे लागेल अशी वेळ आपण निव्वळ रजा कमी होती म्हणून त्यांच्यावर आणतो, तेव्हा हातातल्या तिरंग्याचा मान राखला जातो असे मला वाटत नाही.

या पत्रावर कोणते आक्षेप येतील याची मला कल्पना आहे. पहिला हा की, जोखीम हा गिर्यारोहणाचा प्राणच आहे आणि ती काढून टाकली तर उरते काय. मला तो मान्य आहे, फक्त जोखमीचे दोन प्रकार वेगळे ठेवायला हवेत. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक ‘द्रौपदी का डांडा’ या ५,६७० मीटर उंच शिखरावर हिमप्रपातात सापडले आणि दोन डझनांहून अधिक जण गेले. ते शिकत होते, टप्प्याटप्प्याने चढत होते, सोबत जाणती माणसे होती, आणि तरीही डोंगराने त्यांना घेतले. अशी जोखीम पत्करूनच माणूस हिमालयात जातो. पाच दिवसांच्या रजेत चौदा दिवसांचे काम उरकण्याची जोखीम मात्र डोंगराने घातलेली नाही, ती आपण पत्रकात छापून घेतलेली आहे.

दुसरा आक्षेप असा की, आपली मुले कातळावर उत्तम चढतात, त्यांना कमी लेखू नये. हे तर मी आनंदाने सांगेन. नवी मुंबईत २०१६ आणि २०१७ मध्ये बोल्डरिंगच्या, म्हणजे दोराशिवाय ठेंगण्या भिंतींवर चढण्याच्या, विश्वचषक स्पर्धा झाल्या आणि जगभरचे आरोहक येथे येऊन चढले. गिरिविहारसारख्या जुन्या संस्थेने ते घडवून आणले. कातळावरची चढाई बोटांची ताकद, तोल आणि धीर शिकवते, पण विरळ हवेला बोटांची ताकद दिसत नाही. उलट तंदुरुस्त माणूस वेगाने चढतो आणि उंचीच्या आजाराला लवकर गाठतो, असा अनुभव मोहिमांवर वारंवार येतो. सह्याद्रीतील बचावाची सवयही आपल्याला थोडी गाफील करते. येथे कोणी कड्यावर अडकले की एका फोनवर लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र या बचावकार्य करणाऱ्या संस्थेचे कार्यकर्ते निघतात, आसपासच्या संस्था दोर-स्ट्रेचर घेऊन रात्रीत पोहोचतात. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हाही मदतीला धावलेल्यांत डोंगर जाणणारी हीच मंडळी होती. करझोकच्या वरच्या तंबूतून फोन केला, लागला, तरी यांतील कोणी वेळेत पोहोचू शकत नाही.

मग मागणी काय? बंदी घाला असे मी म्हणत नाही. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले आणि त्यात आयोजकांच्या नोंदणीची तरतूद केली, परंतु त्याचा रोख राज्यात चालणाऱ्या उपक्रमांवर आहे. ठाण्यात कार्यालय थाटून, ठाण्यात पैसे घेऊन लडाखच्या शिखरावर माणसे नेणारा आयोजक त्यातून सुटतो. पर्यटन संचालनालयाने एवढेच करावे: राज्यात नोंदणी असलेल्या प्रत्येक आयोजकाने, उपक्रम देशात कोठेही असो, पत्रकात प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाची उंची मीटरमध्ये छापणे बंधनकारक करावे. शिवाय राखीव दिवस किती, मोटार कोठे उभी असेल, आयएमएफच्या परवानगीचा क्रमांक काय आणि सोबतच्या नेत्याने कोणता कोर्स केला आहे, हे त्यातच द्यावे. तपासणी पथके नेमण्याची गरज नाही. उंचीचे आकडे ओळीने छापले गेले की पाचशे मीटरचा नियम माहीत असलेला कोणीही आई-बाप, कोणीही मित्र, ते वजा करून पाहील आणि प्रश्न विचारील. आमच्याकडे आलेल्या त्या मुलीने कागदावर ती वजाबाकी करून पाहिली आणि तिसऱ्या ओळीवर तिचे बोट थांबले. चौदा दिवसांचा कार्यक्रम महाग पडतो हे खरे आहे. ज्याला तो परवडत नाही किंवा तेवढी रजा मिळत नाही त्याच्यासाठी नऊ दिवसांत नीट करता येण्याजोगे चार हजार मीटरपर्यंतचे सुंदर ट्रेक हिमाचलात आणि उत्तराखंडात कितीतरी आहेत. त्यांच्या छायाचित्राला पुरवणीत जागा मिळत नाही, ही काय ती उणीव.

कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांनाही एक सुचवावेसे वाटते. मॅरेथॉनसाठी टी-शर्ट वाटण्याची प्रथा आता रुळली आहे. गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्सला सुमारे चार आठवडे लागतात, आणि अनेक मुले केवळ तेवढी रजा मिळत नाही म्हणून कोर्स टाळून थेट शिखर गाठायला जातात. कोर्सला निवड झाल्याचे पत्र दाखवणाऱ्याला बिनपगारी का होईना, सलग रजा द्यावी.

राहता राहिली आपल्या वृत्तपत्राकडून अपेक्षा. शिखर सर केल्याची बातमी देताना मोहिमेचे एकूण दिवस, मुक्कामाच्या उंची आणि अर्ध्यातून परतलेल्यांची संख्या आपल्या वार्ताहराने विचारून छापावी. परतलेल्यांबद्दल ‘शिखराने हुलकावणी दिली’ अशा सुरात लिहू नये, कारण बहुतेक वेळा संघात शहाणपणाने निर्णय घेणारे तेच असतात. लडाखमधील हंगामाचे कार्यक्रम जानेवारीपासून जाहीर होऊ लागतात आणि मार्चअखेर बऱ्याच जागा भरतात. त्याआधी आपल्या पुरवणीत उंची, दिवस आणि लक्षणे यांची एक छोटी चौकट दोन-तीन वेळा आली तर तिचा उपयोग होईल. तिचा मजकूर तयार करून देण्याची आणि उंचीच्या आजारांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडून तो तपासून घेण्याची आमच्या संस्थेची तयारी आहे.

आपला,
गिर्यारोहण संस्थेचा एक जुना कार्यकर्ता,
नौपाडा, ठाणे